वाचायचं नसतं, बघायचं असतं

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. कोणासाठी नाही, फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय. पुढेमागे कोणी माझ्यावर लिहायला बसलंच, तर त्याची पंचाईत नको.

कारण आज तसंच घडलं. घरचे जुने पेपर द्यायला रद्दीच्या दुकानात गेलो होतो. वजनकाटा हलू नये म्हणून त्याच्या एका पायाखाली जाडजूड परदेशी मासिक दुमडून घातलेलं. ओढून काढलं. काटा कलंडला, रद्दीवाला ओरडला. मी मासिक उघडलं आणि तिथेच खिळलो.

पहिल्या पानावर फक्त एक स्वल्पविराम. ताटाएवढा. दुसऱ्या पानावर दोन कॉलम एकमेकांच्या अंगावर चढलेले. तिसऱ्या पानावर काळ्या रंगावर गडद चॉकलेटी अक्षरं. पान नंबर हेडिंगच्या चौपट. एक मुलाखत तर अशी, की प्रश्न डावीकडून येतोय, उत्तर उजवीकडून, आणि मधोमध दोघांची टक्कर. मांडणी करणाऱ्याचं नाव पानाच्या कडेला उभं छापलेलं आणि अर्धं कापलं गेलेलं. म्हणून मी त्याला नुसतं गुरू म्हणणार आहे.

आनंद झाला का? मुळीच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिक लोकांच्या संघटनेचं मासिक लावतोय. दोन कॉलम, मध्ये रेघ. वर हेडिंग, खाली पान नंबर. अठरा वर्षांत एकाही माणसाने मला सांगितलं नाही, की असंही करता येतं. सगळ्यांनी मिळून मला अंधारात ठेवलं.

५ फेब्रुवारी
हिला मासिक दाखवलं. ही चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे अक्षरांची थोडी जाण असेल असा माझा समज. हिने मासिक आधी सुलटं धरलं, मग उलटं, मग पुन्हा सुलटं. म्हणाली, आमच्या दुकानातल्या तक्त्याची शेवटची ओळ अशीच असते, पण वरच्या ओळी तरी दिसतात. मग म्हणाली, कचऱ्याची गाडी यायची वेळ झाली.

कचरा टाकून आलो. संकल्प केला की घरात यापुढे कलेचा विषय काढायचा नाही.

६ फेब्रुवारी
घरात कलेचा विषय काढला. भांडण झालं.

८ फेब्रुवारी
दैव कसं मदतीला येतं बघा. आमच्या संपादकांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. हे स्वतः जुने मेकॅनिक. मी मनातल्या मनात त्यांना हँडब्रेक म्हणतो, कारण माझी गाडी जरा कुठे निघाली की हे खेचलेच जातात. एकदा हेडिंगला निळा रंग दिला होता, तर तीन दिवस विचारत होते, निळाच का.

जाताना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मार्चचा अंक तुझ्यावर सोपवतोय, मागच्या अंकासारखाच लाव, काही नवीन करू नकोस, कृपा कर. म्हणजे बघा, 'तुझ्यावर सोपवतोय' हे वाक्य आधी आलं. पुढचं सगळं ऑपरेशनच्या भीतीने बोलले.

११ फेब्रुवारी, दुपार
ताई ऑफिसात आली. माझी सख्खी थोरली बहीण. भाऊजींना जाऊन आता वर्ष होईल. अठ्ठावीस वर्षं लिफ्टचं काम केलं त्यांनी, आणि मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. आजारपणात गेले.

ताईने पिशवीतून कागद काढले. सहा पानं, पाठपोट, हाताने लिहिलेली. भाऊजींवर लेख. जन्मात पहिल्यांदा काही लिहिलं म्हणाली. संपादकांना आधीच फोन करून विचारलं होतं, त्यांनी मधली दोन पानं देऊ केली आहेत. हे सगळे मेकॅनिक लोक वाचतील ना, हे तिने मला तीनदा विचारलं. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहिलंय म्हणाली, नाहीतर मला काय हौस. तू आधी वाच, चुकलं असेल तिथे सुधार. सुंदर हसली. खूप दिवसांनी हसली.

म्हटलं, ताई, तू काळजीच करू नकोस. मधली पानं अशी करतो की लोक जपून ठेवतील.

तिचं अक्षर फार देखणं आहे. एकसारखं, ठसठशीत. ती गेल्यावर कितीतरी वेळ लांब धरून बघत बसलो. वाचलं नाही. वाचलं की अक्षर दिसायचं बंद होतं, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

१३ फेब्रुवारी
ताईचा फोन. वाचलंस का? म्हटलं, वाचलं, छान झालंय. शेवट ठीक आहे ना, लोकांना वावगं नाही ना वाटणार? म्हटलं, छे, शेवट तर उत्तम.

यात खोटं काही नाही. वाचणार आहेच. पण आधी वाचून मनाला शब्द चिकटले की हात बांधले जातात. गुरू तरी मजकूर वाचत असेल का? शक्यच नाही. वाचला असता तर असा मांडला असता?

मजकूर म्हणजे पानावरचा करडा रंग. कुठे दाट, कुठे विरळ. वाचायचं नसतं, बघायचं असतं. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवलं. टायपिस्टबाईंनी बघितलं. आमची प्रूफं त्याच वाचतात. विचारलं, मग मी काय करू? म्हटलं, या महिन्यात आराम करा.

१५ फेब्रुवारी
कॉम्प्युटरवर दिवसभर डोकं आपटलं. ओळ जरा तिरकी केली की हा दगड ती सरळ करतो. कॉलमवर कॉलम ठेवला की लाल खूण दाखवतो. मी चुकतोय असं मला यंत्र सांगणार. कीबोर्ड आपटला. एक बटण उडालं, कपाटाखाली गेलं. ते 'क' होतं. यापुढे या अंकात 'क' कमीच येईल.

गुरूने कॉम्प्युटरवर काम केलं नसणार. कात्री आणि डिंक. तेच खरं.

१६ फेब्रुवारी, सकाळ
हिची शिवणाची कात्री घेतली. कागद कापल्याने कात्री बोथट होते असं ही म्हणते. तिच्या मते जगातल्या प्रत्येक मोठ्या कामाने काही ना काही बोथट होतंच.

ताईचा लेख टाइप करायचा नाही असं ठरवलं. हस्ताक्षरच वापरायचं. खरं हस्ताक्षर, शाईसकट. झेरॉक्स काढून कापावं असा एक भित्रा विचार आला होता. हाकलून लावला. झेरॉक्सवर हात थरथरत नाही, आणि हात थरथरला नाही तर ती कला कसली.

दुपारी
कल्पना सुचली. अंगावर काटा आला.

लेख कोणावर? लिफ्टच्या माणसावर. लिफ्ट काय करते? वर जाते, खाली येते. मग ओळी आडव्या का? ओळी उभ्या. काही खालून वर चढतात, काही वरून खाली येतात. गुरूकडे रोमन अक्षरं होती, त्याला शिरोरेघ नव्हती बिचाऱ्याला. माझ्याकडे आहे. शिरोरेघ म्हणजे लिफ्टचा दोर. मी कात्रीने ओळींच्या शिरोरेघा सोडवून काढल्या, डाव्या पानावर ताणून लावल्या, आणि खालची अक्षरं उजव्या पानावर सोडून दिली. काही ओळी दाराच्या फटीतून बघितल्यासारख्या मधोमध उभ्या चिरल्या. एक पान उलटं वापरलं, पाठीमागची शाई पुढे उतरली होती ती फार छान दिसत होती.

भाऊजींना आवडलं असतं. त्यांनी कधी काही नाकारलं नाही.

१९ फेब्रुवारी
बाकीचा अंकही सोडला नाही. निवृत्त झालेल्या सभासदांचे फोटो पानाबाहेर निघालेत, अर्धे चेहरे दिसतात. निवृत्ती म्हणजे दुसरं काय? वायर रोपवाल्या कंपनीच्या जाहिरातीतला फोन नंबर चार कोपऱ्यांत वाटला. ब्रेक सेटिंगचा तक्ता आरशात दिसावा तसा छापला. काळ्यावर चॉकलेटी. चिकटवलेली सगळी पानं स्कॅन करून छापखान्यात पाठवली.

इतकं समाधान गेल्या अठरा वर्षांत मिळालं नव्हतं. आणि म्हणूनच जास्त राग येतोय.

२१ फेब्रुवारी
छापखानेवाल्याचा फोन. तुमची फाइल खराब आलीये. म्हटलं, खराब नाही. तो म्हणाला, वरचं खाली गेलंय. म्हटलं, मुद्दाम. तक्ता उलटा आलाय. म्हटलं, उलटा नाही, आरशातला आहे. मग म्हणाला, साहेब कुठे आहेत. म्हटलं, मीच साहेब.

म्हणाला, मग एक लिहून द्या, की चूक नाही, असंच हवंय. अभिमानाने लिहून दिलं. सही उभी केली.

संकल्प: यापुढे कोणी अडाणी प्रश्न विचारला तर चिडायचं नाही, कीव करायची.

२२ फेब्रुवारी
छापखानेवाल्यावर चिडलो. शाई कमी टाकू का विचारत होता.

५ मार्च
अंक निघाला. टपालात गेला. दिवसभर टेबलावरून हललो नाही. पहिला फोन येईल तेव्हा जागेवर असावं.

पहिला फोन: अंक फाटका आलाय, दुसरा पाठवा.
दुसरा फोन: ओलसर आलाय का? अक्षरं उतरलीयेत एकमेकांवर.
तिसरा एक निवृत्त मेकॅनिक. फोटोत आपला चेहरा शोधतोय, सापडत नाही. म्हटलं, तुम्ही पानाबाहेर आहात. रागावला.

काही का असेना, अठरा वर्षांत एका अंकावर तीन फोन कधी आले नव्हते. चर्चा सुरू झाली आहे.

७ मार्च
वायर रोपवाले आले. चार कोपऱ्यांतला नंबर त्यांच्या मॅनेजरने जुळवून लावला, तो एका दाताच्या डॉक्टरकडे लागला. तावातावाने बोलत होता. मी शांत होतो. तो गेल्यावर शांत नव्हतो.

मग ब्रेकच्या तक्त्यावरून ओरडा. एक मेकॅनिक कामावरून विचारत होता, तीन वाचू का सहा, आरशात बघितलं की तीनचा सहा दिसतोय. म्हटलं, अहो, मागच्या अंकात बघा ना. म्हणाला, मग हा कशाला काढलात? उत्तर होतं माझ्याकडे. ऐकायला तो थांबला नाही.

या लोकांना दोर दिसला की दोर कळतो. अक्षर दिसलं की वाचायला धावतात. डोक्यात तिडीक जाते.

८ मार्च
ताईचा फोन. अंक मिळाला. मग विचारलं, माझं कुठे आहे रे? म्हटलं, मधली दोन पानं. पानं उलटल्याचा आवाज आला. म्हणाली, हां. दिसलं. माझं अक्षर आहे खरं.

मग म्हणाली, लोकांना अर्थ लागेल ना याचा? मी म्हणालो, जाणकारांना बरोबर लागेल. तू म्हणतोस तर लागेल, म्हणाली. तू यातला माणूस.

हेच. घरातल्या घरात एकटी तीच आहे, जिला माझ्यावर विश्वास आहे.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, सोळा तारखेला रविवारी तुमच्या चार खुर्च्या हव्यात. शनिवारी आणून ठेव. नवे कप आणलेत म्हणाली, शेजाऱ्यांच्याही सहा खुर्च्या सांगितल्यात. कशासाठी ते सांगितलं नाही. तुला माहीतच आहे, म्हणाली.

माहीत नसायला काय झालं? अंक निघतो काय, आणि दहा दिवसांत ताईकडे दहा खुर्च्या लागतात काय. माझा सत्कार ठरलाय. मेकॅनिक लोकांतले चार समजदार तिने गाठलेले दिसतात. ही म्हणाली, अहो, सरळ विचारा ना तिला. विचारणार नाही. मनात ठेवून करतेय, तर तिचा विरस का करायचा.

११ मार्च
आज ही जे वागली ते मी विसरणार नाही.

गुरूचं मासिक हिने तीन दिवस दुकानात नेलं होतं. गिऱ्हाईक नसताना भिंग आणि आरसा घेऊन ती मुलाखत जुळवत बसली. आज रात्रीच्या जेवणाला पोळी वाढता वाढता म्हणाली, ही मुलाखत तुमच्या गुरूचीच आहे. तो काय म्हणतोय सांगू? म्हणतोय, मी मजकूर पाठ होईपर्यंत वाचतो. ज्याने लिहिलं त्याच्याशी बोलतो. मग कात्री हातात घेतो. जे वाचलं नाही ते मी कधी मोडलं नाही.

असं कसं असेल? हिचं इंग्रजी चष्म्याच्या डब्यावरचं. किंवा छापताना ओळी इकडच्या तिकडे झाल्या असतील, त्या मासिकात ते सहज शक्य आहे.

मग विचारलं, ताईंच्या लेखात काय आहे हो? म्हटलं, भाऊजींवर आहे. त्यांच्यावर काय आहे? म्हटलं, एकंदरीत.

एकंदरीत, असं म्हणून हिने पोळीचा डबा बंद केला. माझी एक पोळी राहिली होती.

१३ मार्च
हँडब्रेक काठी टेकत हजर. अंक समोर घेऊन बसले. पहिलं पान. दुसरं. ब्रेकच्या तक्त्यावर थांबले, चष्मा काढला, पुसला, घातला. मधल्या पानांवर तर इतका वेळ थांबले की मला वाटलं, आता पकडलं यांना. मग विचारलं, या बाईंचा लेख कुठे आहे? म्हटलं, हाच. ही तुटलेली लिफ्ट आहे, म्हणाले. दोर वर राहिलाय आणि पेटी खाली पडलीये. मेकॅनिकच्या लेखाला तू तुटलेली लिफ्ट लावलीस.

मी समजावून सांगायला गेलो. ते ओरडले. ऑपरेशन झालेल्या माणसाने इतकं ओरडू नये. पुढचा अंक टायपिस्टबाई लावतील म्हणाले. मग मी काय करू? तू प्रूफं वाच. एकेक शब्द. तोंडाने.

मी? वाचू? अठरा वर्षांच्या कामाची ही किंमत. डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

१५ मार्च
खुर्च्या पोचवल्या. ताई खिडक्या पुसत होती. उद्याचं म्हणून काही विचारलं नाही, नुसता गालातल्या गालात हसलो. तीही हसली.

घरी येऊन शर्ट इस्त्री केला. भाषण लिहिलं. सुरुवातीला नम्रपणा, मग हँडब्रेकला नाव न घेता चार शब्द, शेवटी ताईचे आभार. आरशासमोर म्हणून बघितलं. ही रविवारी दुकानात असते, त्यामुळे तिला येता येणार नाही. बरंच झालं.

१६ मार्च, रविवार, घरी आल्यावर
लिहायची इच्छा नाही. लिहितो.

ताईचं घर सहाव्या मजल्यावर. दार उघडंच होतं. दहा खुर्च्या भिंतीला लावून मांडलेल्या. टेबलावर नवे कप, बिस्किटं, कापून ठेवलेला केक. भिंतीवर भाऊजींचा फोटो, कामाच्या कपड्यांतला, हात काळे. माझ्यासाठी हार वगैरे दिसला नाही. म्हटलं, साधेपणा.

मी मधल्या खुर्चीत बसलो. ताईने उठवून कडेला बसवलं. मधे यांच्या बरोबरीची माणसं बसतील म्हणाली.

जिन्याशेजारी लिफ्ट वाजली की ताई कान द्यायची. आवाजावरून तिला मजला कळतो. तिसरा, म्हणायची. मग, पाचवा. एकदा सहावा म्हणाली आणि साडी सारखी करत दारात गेली. समोरच्या घरातला माणूस पिशव्या घेऊन आला होता. त्याने रांगेतल्या खुर्च्या बघितल्या आणि घाबरून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

चहा दोनदा गरम झाला. मला संताप येऊ लागला. म्हटलं, ताई, या लोकांसाठी जीव तोडून काही करूच नये. यांना कशाची कदर नाही. ताई म्हणाली, असं नको बोलू. कामावर असतील. रविवारी काय लिफ्ट बंद पडत नाहीत?

अंधारायला लागलं तशी तिने दिवा लावला. दार लोटलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, जाऊ दे. तू तरी वाचून आलास. मला वाटलं होतं, घरचा माणूस, तू काही यायचा नाहीस. बरं वाटलं रे.

मी एक बिस्किट उचललं.

म्हणाली, मग सांग.

काय सांगू?

लिहिलंय ना मी. तेच. एक तरी सांग.

मला वाटलं भाषण. खिशात हात घातला. पण तिचा चेहरा भाषण ऐकणाऱ्याचा नव्हता. म्हणून म्हणालो, भाऊजी फार चांगले होते. ती म्हणाली, ते नाही रे, ते सगळेच म्हणतात. मी काय विचारलं होतं ते आठव. मी म्हणालो, मोठ्या मनाचे होते. मग ती माझ्याकडे बघत राहिली.

तू वाचलं नाहीस, म्हणाली.

मी म्हणालो, लावताना ओझरतं बघितलं होतं, लहान जागेत बसवायचं म्हणजे. ती म्हणाली, फोनवर म्हणालास शेवट उत्तम आहे. मी म्हणालो, होच. काय होता शेवट, म्हणाली.

मग तिनेच सांगितला, लेखात मेकॅनिक लोकांना लिहिला होता तसाच. आवाज जराही न चढवता, फोटोकडे बघून. हे घरी आले की हात धुऊन जेवायला बसायचे. कामाचं कधी काही बोलले नाहीत. अठ्ठावीस वर्षं यांचा दिवस तुमच्याबरोबर गेला, माझ्या वाट्याला संध्याकाळ आली. माझ्याजवळच्या संध्याकाळी आता संपल्या. तुमच्याजवळ दिवस असतील. तर ज्यांना आठवत असेल त्यांनी सोळा तारखेला, रविवारी, संध्याकाळी चहाला यावं, आणि एक तरी गोष्ट सांगावी, की दिवसाउजेडी हे कसे असायचे. हसायचे का. कोणावर चिडायचे का. डबा कोणाबरोबर खायचे.

एवढंच होतं, म्हणाली.

मग म्हणाली, ती पानं तुझ्याकडे आहेत ना, पुढच्या महिन्यात साधी छापता येतील. मी कात्रीचं सांगितलं. डिंकाचंही सांगितलं. तिने विचारलं, सगळी? म्हटलं, सगळी. तू लिहून दे ना पुन्हा, मी बसतो तुझ्यासोबत. नाही रे, म्हणाली. ते एकदाच लिहून झालं.

ती ओरडली नाही. लहानपणी मी तिची कंपासपेटी फोडली होती तेव्हा तिने मला बदडलं होतं. आज बदडायला हवं होतं. नुसती म्हणाली, खुर्च्या उद्या ने. आत्ता मला एकटीला बसू दे.

लिफ्टने खाली आलो नाही. जिना उतरलो. ही घरी आली तेव्हा सगळं सांगितलं. ही ऐकून स्वयंपाकाला लागली, त्याचाही राग आला. सगळ्यांवर राग आला. गुरूवर, हँडब्रेकवर, त्या फाटक्या अंकाच्या फोनवाल्यांवर. एकाने तरी म्हणायचं होतं, की अहो, यात काय लिहिलंय?

म्हणाले होते. सगळे तेच म्हणत होते.

१७ मार्च, दुपार
रजा टाकली. अंकाची मधली दोन पानं सोडवून जमिनीवर ठेवली आहेत. हिने दुकानातून मोठं भिंग आणून दिलं आणि कामावर गेली.

सकाळपासून बसलोय. शिरोरेघ डाव्या पानावर, अक्षरं उजव्या. पेन्सिलने रेघ मारत एकेक अक्षर जुळवायचं. 'व' आहे की 'ब' कळत नाही. मात्रा कुठे गेल्या पत्ता नाही. एक ओळ बरोबर मधून चिरलेली आहे. हे ज्याने कुणी केलंय तो समोर असता तर त्याच्या कानाखाली जाळ काढला असता. हात थरथरतोय.

ताईला फोन केला होता. खुर्च्या कधी नेतोस, एवढंच विचारलं.

आत्ता कुठे लेखाची सुरुवात लागली. दोन वाक्यं. वहीत साध्या अक्षरात उतरवून घेतली.

'मला लिहिण्याची सवय नाही. काही चुकलं असेल तर माझा धाकटा भाऊ याच मासिकात आहे, तो वाचून नीट करून देईल.'

तिसरं वाक्य लागत नाही.